बाराव्या अक्षराखालचा ठिपका

सांगलीला आमच्या आजीच्या गळ्यात पुतळ्यांची माळ असायची. बहुतेक पुतळ्या गावातल्याच सोनाराने पाडलेल्या, पातळ, फुंकर मारली तर हलतील अशा. मधोमध मात्र एक जाड पुतळी होती. आजी ती दोन बोटांत धरून म्हणायची, "ही मूळची. बाकीच्या हिला बघून केल्यात." तिच्यावर एक माणूस उभा आणि त्याच्यासमोर दुसरा गुडघे टेकून बसलेला. लहानपणी मला ते राम-मारुती वाटायचे.

पुढे नोकरीनिमित्त फ्रान्सला आले, लियोंला स्थायिक झाले. रंगद्रव्यांच्या प्रयोगशाळेत काम करते. इथल्या तेरो चौकातल्या ललितकला संग्रहालयात नाण्यांचं मोठं दालन आहे. एका रविवारी पावसामुळे आत शिरले आणि काचेपलीकडे आजीची पुतळी दिसली. तो व्हेनिसचा डुकॅट होता. संत मार्कसमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा दोजे, म्हणजे तिथला राज्यप्रमुख. मसाल्याच्या आणि कापडाच्या बदल्यात हे डुकॅट आपल्याकडे शतकानुशतकं येत राहिले आणि आपल्या बायकांनी ते गळ्यात घातले. त्याच्याच शेजारी, जवळपास तेवढ्याच वजनाचं फ्रेंच सोन्याचं नाणं होतं. मुकुट घातलेली ढाल, ढालीवर लिलीची तीन फुलं आणि मुकुटाच्या वर तिळाएवढा सूर्य. त्या सूर्याने मला धरून ठेवलं, त्याला आता सोळा वर्षं झाली.

१४७५ ते १६१० या काळातली फ्रेंच राजांची सोन्याची नाणी मी जमवते. आज माझ्याकडे चौदा आहेत. संख्येने हा संग्रह लहानच, पण प्रत्येक नाण्याने काही ना काही शिकवलं. ते लिहून ठेवते आहे.

१. आधी काटा, मग भिंग.

सोनं समोर आलं की डोळे दिपतात आणि दिपलेल्या डोळ्यांना दोष दिसत नाहीत. म्हणून नाणं हातात आलं की मी ते आधी काट्यावर ठेवते. शतांश ग्रॅम दाखवणारा काटा पुरतो.

अकराव्या लुईने १४७५ साली सूर्यछाप एक्यू, म्हणजे मी संग्रहालयात पाहिलं त्या जातीचं सोन्याचं नाणं, पाडायला सुरुवात केली. पॅरिसच्या 'मार' या वजनात, म्हणजे २४४.७५ ग्रॅममध्ये, असे ७० एक्यू बसवायचे असं फर्मान होतं. भागाकार केला की एकाचं वजन ३.५० ग्रॅमला टेकतं. पहिल्या फ्रान्स्वाच्या काळात त्याच मारमध्ये ७१ आणि वर एक षष्ठांश नाणी बसवली, म्हणजे ३.४४ ग्रॅम. तिसऱ्या हेन्रीच्या काळात साडेबाहत्तर, म्हणजे ३.३८ ग्रॅम. कस सुरुवातीला २३ कॅरेटच्या किंचित वर, नंतर २३. शंभर वर्षांत, इतक्या लढाया आणि इतकं कर्ज होऊनही, नाण्यातलं सोनं एवढंच घटलं. घसरला तो चलनाचा हिशेब. १४७५ साली ३३ सूला (सू हे तेव्हाचं हिशेबाचं एकक) मिळणारा एक्यू १५७७ साली ६० सूचा झाला होता. दुकानदार, सावकार, गावचा पाद्री, सगळ्यांना हे कळत असणार. नाहीतर लोकांनी ही नाणी मडक्यांत भरून पुरून ठेवली नसती.

हे आकडे पाठ असले की काटा बोलायला लागतो. एकदा पहिल्या फ्रान्स्वाचा एक लखलखीत एक्यू माझ्या हातात आला. वजन ३.२१. झिजून सव्वादोन दशांश ग्रॅम जायला नक्षी पुसट व्हायला हवी होती, पण नक्षी तर ठसठशीत होती. मग कडेने फिरवून पाहिलं. एका बाजूला अक्षरांच्या टोकांना कडाच नव्हती, अक्षरंच अर्धी झाली होती. कुणीतरी चारशे-पाचशे वर्षांपूर्वी कात्रीने सोन्याची दोऱ्याएवढी कड कापून घेतली होती. त्या काळात नाणं कातरणाऱ्याला जबर शिक्षा व्हायची आणि खोटं नाणं पाडणाऱ्याला उकळत्या कढईत टाकत. तरीही लोक कातरत होते.

२. ठिपका मोजायला शिका. माझ्या मते या छंदाचा जीव इथे आहे.

१५४० च्या आधीच्या एक्यूवर टाकसाळीचं नाव लिहिलेलं नसतं. सन नसतं. राजाचं नाव असतं, पण फ्रान्सभर वीसेक टाकसाळी एकाच राजाच्या नावाने एकच नाणं पाडायच्या. मग एखाद्या नाण्याचं सोनं हिणकस निघालं तर जाब कुणाला विचारायचा? त्यासाठी १३८९ साली एक खूण ठरली. कडेच्या लेखातल्या ठरावीक अक्षराखाली सुईच्या टोकाएवढा ठिपका. पाचव्या अक्षराखाली असला तर तुलूझ, सहाव्याखाली तूर, सातव्याखाली आँजे, आठव्याखाली प्वातिए. पंधराव्याखाली रूआँ, अठराव्याखाली पॅरिस. आणि बाराव्याखाली असला तर लियों, मी राहते ते गाव.

पहिला लियोंचा ठिपका सापडला ती संध्याकाळ मला नीट आठवते. जेवणाच्या टेबलावर दिवा खाली ओढून घेतला होता. बाराव्या लुईचा एक्यू होता. वरच्या छोट्या खुणेपासून मोजायला लागले. लॅटिनमध्ये राजाचं नाव 'लुडोविकुस'. एल, व्ही, डी, ओ, व्ही, आय, सी, व्ही, एस. नऊ झाली. पुढचा शब्द 'देई', 'देवाच्या कृपेने'मधला देव. डी दहावं, ई अकरावं, आय बारावं. त्या उभ्या आयच्या पायाशी, धुळीचा कण वाटावा असा एक गोल उंचवटा होता. तो कण नव्हता. नाणं उलटवलं. मागच्या बाजूला लिलीच्या टोकांचा क्रूस आणि भोवती ख्रिस्त जिंकतो, ख्रिस्त राज्य करतो, ख्रिस्त आज्ञा देतो अशा अर्थाचा लेख. तिथेही बारा मोजले. तिथेही ठिपका.

गंमत अशी, की राजा बदलला की ठिपका सरकतो. आठव्या चार्ल्सचं नाव नाण्यावर 'कारोलुस', फक्त सात अक्षरं. देईची तीन धरून दहा होतात आणि बारावं अक्षर पुढच्या 'ग्रात्सिआ' शब्दातल्या आरवर येतं. फ्रान्स्वाचं 'फ्रान्सिस्कुस' दहा अक्षरांचं, म्हणून त्याच्या वेळी लियोंचा ठिपका देईतल्या ईखाली. त्यामुळे 'लियोंचं नाणं म्हणजे आयखाली ठिपका' असं पाठ करून चालत नाही. दर वेळी पहिल्या अक्षरापासून, बोटाने मोजल्यासारखं मोजावं लागतं.

टाकसाळीत ठरावीक संख्येमागे एक नाणं काढून बंद पेटीत टाकायचे. त्या पेट्या पॅरिसला जायच्या आणि तिथे वजन आणि कस यांची परीक्षा व्हायची. कमी भरलं की टाकसाळीच्या मक्तेदाराला दंड. म्हणजे तो ठिपका ही कुणाची तरी सही आहे. या नाण्यात जे काही आहे त्याला मी उत्तर देईन, असं तो ठिपका म्हणतो. नाणी जमवायला लागले तेव्हा मला राजे हवे होते. आता मी त्या ठिपक्यासाठी नाणी घेते.

३. १५४० नंतरच्या नाण्यांवर अक्षर पाहा.

ठिपक्यांचा व्याप डोईजड झाला असावा. पहिल्या फ्रान्स्वाने १५४० साली प्रत्येक टाकसाळीला एक अक्षर दिलं. पॅरिस ए, रूआँ बी, लियों डी, बोर्दो के, बायोन एल, तुलूझ एम. ही पद्धत पुढे शतकानुशतकं टिकली. नवख्याने इथून सुरुवात केली तरी चालेल, डोळ्यांना त्रास कमी. मला मात्र ठिपकेच आवडतात.

४. झाळ लपत नाही. पण ती शोधायची कुठे, हे माहीत असावं लागतं.

माझी पहिली मोठी खरेदी एका लहान गावातल्या लिलावात झाली. आठव्या चार्ल्सचा एक्यू. यादीत 'सुंदर प्रत' एवढंच लिहिलं होतं. वजन ३.४६, बिनचूक. मी खूश होते. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीपाशी, तिरप्या उन्हात पाहिलं तर वरच्या सूर्यापासून थोड्या अंतरावर, अगदी कडेवर, मसुराच्या डाळीएवढा एक भाग वेगळ्याच पिवळ्या रंगाचा होता. भिंगाखाली तिथे कानशीच्या बारीक समांतर रेघा. या नाण्याला कधीतरी कडी लावली होती. मग कुणीतरी ती काढली, घासली आणि गप्प बसलं. झाळीचा थोडा धातू तिथेच राहिल्यामुळे वजनाने मला काही सांगितलं नव्हतं. विकणाऱ्याने यादीत ते लिहायला हवं होतं. मी जी किंमत दिली ती अखंड नाण्याची होती.

त्या दिवशी फार वाईट वाटलं. आणि मग आठवलं, की झाळ कशी दिसते हे मला सात वर्षांची असल्यापासून माहीत होतं. आजीच्या माळेतली एखादी कडी सैल झाली की आम्ही दोघी सोनाराकडे जायचो. तो कडीच्या जागी ओला टाकणखार लावायचा, झाळीचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा ठेवायचा आणि फुंकणीतून ज्योत नेमकी त्यावर सोडायचा. टाकणखार फसफसून फुगायचा, मग एकदम पाणी झाल्यासारखी झाळ पसरायची. आजी सांगायची, "बघून ठेव. झाळीचं सोनं कमी कसाचं असतं, म्हणून त्याचा रंग फिका." सगळं समोर घडलेलं होतं. फक्त इथल्या नाण्यांकडे पाहताना मी ते विसरले.

आता मी प्रत्येक नाण्याची कड घड्याळाच्या बारावर, तीनवर, सहावर, नऊवर आधी पाहते. युरोपातही लोक ही नाणी गळ्यात घालायचे, टोपीला लावायचे, आईने लेकीला द्यायची. माझ्या मते कडी काढलेलं नाणं घ्यायला हरकत नाही. ते कुणीतरी प्रेमाने अंगावर वागवलेलं असतं. पण ते कडीचं नाणं म्हणून, त्याच किमतीला घ्यावं. तो चार्ल्स मी परत केला नाही. माझ्या ट्रेमध्ये तो पहिल्या खणात आहे.

५. राजाचा चेहरा शोधू नका.

एक्यूवर चेहरा नसतो. फ्रेंच राजाचा खराखुरा चेहरा चलनात आला तो बाराव्या लुईच्या शेवटच्या काळात, तोही 'तेस्तों' या चांदीच्या नाण्यावर, इटलीतल्या नाण्यांचं पाहून. सोन्यावर तो रूढ व्हायला दुसऱ्या हेन्रीची वाट पाहावी लागते. पण चेहऱ्याऐवजी जे मिळतं ते काही कमी नाही. बाराव्या लुईच्या एका एक्यूवर ढालीच्या दोन्ही बाजूंना साळिंदर आहे. साळिंदर हे त्याच्या घराण्याचं चिन्ह, जवळच्याला टोचतं आणि लांबच्यावर काटे फेकतं अशी त्या काळची समजूत. ते भिंगाखाली पाहावं. काटा न् काटा वेगळा कोरलेला असतो. पोलादी ठशात उलटं कोरणारा तो कारागीर कोण होता हे कुठेही लिहिलेलं नाही.

६. सोन्याचा इतिहास वाचायचा तर बिदासोआ नदीवर जा.

हेन्री दुसरा आणि त्याचा थोरला भाऊ, दोघं लहान मुलं असताना चार वर्षं स्पेनमध्ये ओलीस होते. १५२५ साली पाव्हियाच्या लढाईत त्यांचा बाप, पहिला फ्रान्स्वा, सम्राट पाचव्या चार्ल्सच्या हाती सापडला. माद्रिदच्या तहाने तो सुटला, पण बदल्यात दोन मुलं द्यावी लागली. १५२६ च्या मार्चमध्ये फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवरच्या बिदासोआ नदीत बाप एका बाजूला गेला आणि मुलं दुसऱ्या. हेन्रीला तेव्हा सातवं वर्षही पुरं झालं नव्हतं.

१५२९ साली कांब्रेला तह झाला. दोन्ही बाजूंच्या राजघराण्यातल्या बायकांनी, राजाच्या आईने आणि सम्राटाच्या आत्याने, तो जुळवून आणला. मुलांची किंमत ठरली २० लाख सोन्याचे एक्यू, त्यातले १२ लाख सुटकेच्या वेळी रोख. १२ लाख गुणिले ३.४ ग्रॅम. हा गुणाकार मी कितीदा केला असेल. साधारण चार टन सोनं होतं. राज्यभरातून गोळा केलेली नाणी बायोनला आणली. स्पेनच्या माणसांनी तिथे महिनोन्महिने बसून ती मोजली, तोलली, कसाला लावली. त्यात कस कमी भरला म्हणून वर चाळीस हजारांच्या घरात आणखी एक्यू द्यावे लागले. मग पेट्या मोहोरबंद झाल्या आणि १ जुलै १५३० ला त्याच नदीच्या मध्यावर एका बाजूने सोनं आणि दुसऱ्या बाजूने मुलं सरकली.

मी आँदायला गेले होते, त्या नदीच्या काठावर. पाणी फार नाही, पलीकडची माणसं दिसतात. माझ्याजवळ फ्रान्स्वाचा ठिपक्याच्या काळातला, बायोनला नेऊन तोलला गेला असेल किंवा नसेल असा एक एक्यू आहे. तो मी सोबत नेला नव्हता, भीती वाटली. पण काठावर उभी असताना मला लढाई, तह, सम्राट यांतलं काही दिसत नव्हतं. टेबलापाशी बसून एकेक नाणं उचलून काट्यावर ठेवणारी माणसं दिसत होती आणि अकरा वर्षांचा एक मुलगा, ज्याचं घरी जाणं त्या काट्यावर अडलेलं होतं.

७. सन कोरलेलं असलं तरी त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका.

ओलीस राहिलेला तो हेन्री पुढे राजा झाला. १५४९ साली त्याने हुकूम काढला, की नाण्यावर सन घालायचं आणि राजाच्या नावापुढे त्याचा क्रमांक घालायचा. त्याआधी हेन्री म्हणजे कितवा हेन्री, लुई म्हणजे कितवा लुई, हे नक्षीवरून ओळखावं लागे. दोन वर्षांनी त्याने जर्मनीतल्या ऑग्सबुर्गहून यंत्रं आणवली आणि पॅरिसच्या सिते बेटाच्या पश्चिम टोकाला सेन नदीच्या पाण्यावर चालणारी नवी टाकसाळ उभी केली. सोन्याची पट्टी रुळांमधून काढायची, एकाच मापाच्या चकत्या कापायच्या आणि दाबाने छाप उठवायची. हातोड्याच्या नाण्याची कड वेडीवाकडी, यंत्राच्या नाण्याची गोल. कड गोल असली की कातरलेलं लगेच उघडं पडतं. त्याने हे सगळं बालपणीच्या आठवणीतून केलं असं मी म्हणणार नाही, त्याला पुरावा नाही. पण ही दोन नाणी मी शेजारी शेजारी ठेवते तेव्हा माझ्या मनात तोच विचार येतो.

हातोडा चालवणाऱ्या कारागिरांना ते यंत्र नको होतं. त्यांच्या पोटावर पाय येत होता. ते झगडले आणि जिंकलेही. यंत्र हळूहळू पदकं आणि बिल्ले पाडण्यापुरतं उरलं. फ्रान्समध्ये हातोडा कायमचा खाली ठेवला गेला तो १६४५ साली.

आता सनाविषयी. हेन्री १५५९ साली वारला. त्याच्यानंतर दुसरा फ्रान्स्वा गादीवर आला, दीड वर्षही जगला नाही. त्याच्या नावाने फ्रान्समध्ये नाणं निघालंच नाही, बापाच्याच ठशांनी पाडत राहिले. म्हणून १५६० सन कोरलेलं हेन्रीचं नाणं पाहून कुणी त्याला खोटं ठरवू नये. पुढे धर्मयुद्धांच्या काळात तर याहून विचित्र गोष्टी झाल्या. १५८९ नंतर कॅथलिक संघाने बूर्बोंच्या कार्डिनलला दहावा चार्ल्स म्हणून राजा घोषित केलं. तो कैदेत होता आणि १५९० साली कैदेतच मेला, तरी त्याच्या नावाची नाणी पुढे कित्येक वर्षं निघत राहिली. १५९४ च्या फेब्रुवारीपर्यंत आमचं लियों संघाच्या बाजूला होतं. एकाच वर्षी एका गावात संघाच्या राजाचं नाणं आणि शेजारच्या गावात त्याच्या प्रतिस्पर्धी राजाचं. बाजारात बसणाऱ्या बाईने कोणतं घ्यायचं? माझा अंदाज असा, की तिने वजन पाहून घेतलं असेल.

८. नाणं पुसू नका, धुवू नका, चोळू नका.

सोनं काळं पडत नाही म्हणून लोक ते निर्धास्तपणे फडक्याने पुसतात. कापडातला धुळीचा कण २३ कॅरेटच्या मऊ सोन्यावर ओरखडा काढतो आणि तो जन्मभर राहतो. अक्षरांच्या खाचांत बसलेली लालसर माती तशीच राहू द्या. कडेला दोन बोटांनी धरा, खाली मऊ कापड अंथरा. एवढं पुरे.

९. खोट्या नाण्याला पाण्यात बुडवा.

आमच्या प्रयोगशाळेतली सवय इथे कामी येते. नाणं बारीक दोऱ्याने बांधून काट्यावर टांगायचं, एकदा हवेत आणि एकदा पाण्यात तोलायचं. हवेतलं वजन भागिले दोन वजनांमधला फरक. २३ कॅरेट सोन्याचं उत्तर साडेअठराच्या आसपास येतं. सोन्याचा मुलामा दिलेली चांदी किंवा तांबं असेल तर आकडा कितीतरी खाली येतो. अर्थात कसाचं सोनं वापरून अलीकडे पाडलेलं खोटं नाणं ही परीक्षा पार करतं. त्याला पकडायला ठसे ओळखावे लागतात. ओतीव नाण्याच्या अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत असतात आणि पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसतात. हातोड्याखाली सोनं बाहेरच्या बाजूला पळतं, त्याच्या वाहण्याच्या रेघा अक्षरांच्या पायाशी राहतात. त्या रेघा एकदा डोळ्यांत बसल्या की मग विसरत नाहीत. प्लॅस्टिकच्या मोहोरबंद डबीतलं नाणं मी शक्यतो घेत नाही, कारण त्याची कड नीट दिसत नाही आणि ते तोलताही येत नाही.

१०. नाण्याआधी पुस्तक घ्या.

जां लाफोरी यांचे फ्रेंच राजांच्या नाण्यांवरचे दोन खंड १९५१ आणि १९५६ साली आले. दुसऱ्यात त्यांच्यासोबत पिएर प्रिअर आहेत. जां द्युप्लेसी यांचा ह्यूग कापेपासून सोळाव्या लुईपर्यंतचा ग्रंथ आहे. यांतला एक तरी घरी असावा. जुन्या लिलावांच्या याद्या आणि एकोणिसाव्या शतकातले ग्रंथ फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गालिका या संकेतस्थळावर पुष्कळ आहेत, फुकट. मी पहिली दोन नाणी पुस्तकाआधी घेतली. त्यांतलं एक म्हणजे तो चार्ल्स.

आणि पारखी माणसाजवळ बसा. पॅरिसच्या रू व्हिव्हिएनवर नाण्यांची जुनी दुकानं आहेत. तिथल्या एका वृद्ध दुकानदारांनी मला तासभर साळिंदराचा एक्यू पाहू दिला. मी घ्यायला निघाले तेव्हा म्हणाले, "मादाम, आज नका घेऊ. तुम्ही अजून सूर्य मोजलेला नाही." सूर्य मोजायचा म्हणजे त्याच्या किरणांची संख्या आणि ठेवण पाहून ठसा कोणता ते ओळखायचं. मी घरी आले, चार महिने ठशांची चित्रं पाहिली, मग गेले. त्यांनी ते ठेवून दिलं होतं.

११. सीमेवरच्या ढाली ओळखा.

सगळ्या ढालींवर नुसत्या लिली नसतात. दोफिनेच्या नाण्यांवर लिलींसोबत डॉल्फिन असतात, कारण त्या प्रांतात राजा दोफिन म्हणून राज्य करायचा. ब्रिटनीच्या नाण्यांवर एर्मिन प्राण्याच्या शेपटीची नक्षी येते, कारण तिथली डचेस ॲन आधी आठव्या चार्ल्सशी आणि त्याच्यामागे बाराव्या लुईशी लग्न करून फ्रान्सच्या राणीपदावर आली. नाणं हातात धरून नकाशा उघडला की इतिहास लक्षात राहतो.

१२. कागदाशिवाय घेऊ नका.

यात मी कधी ढिलाई करत नाही. फ्रान्समध्ये धातुशोधक यंत्र घेऊन जुन्या वस्तू शोधायच्या असतील तर शासनाची परवानगी लागते. ती न घेता शेतातून उपसलेली नाणी बाजारात येतात. अशा नाण्यासोबत ते जिथे सापडलं ती जागा, ते मडकं, शेजारची नाणी, सगळं कायमचं हरवतं. विकणारा 'आजोबांच्या पेटीत होतं' म्हणाला तर मी आजोबांच्या काळची एखादी चिठ्ठी, पावती, लिलावाची यादी मागते. मिळाली नाही तर नमस्कार करून निघते. दोनदा फार आवडलेली नाणी अशी सोडली. एक तर लियोंचं होतं, ठिपका स्पष्ट, वजन ३.४३. त्या टाकसाळीत पाचशे वर्षांपूर्वी कुणीतरी ठिपका कोरून आपली जबाबदारी घेतली होती. इथे मात्र समोरचा माणूस स्वतःचं नाव सांगायलाही तयार नव्हता.

१३. प्रत्येक नाण्याची चिठ्ठी लिहा.

जाड, आम्लरहित कागदाची, नाण्याच्या खणात मावेल अशी. राजा, टाकसाळ, ठिपका कितव्या अक्षराखाली, वजन, कुणाकडून, कधी, किती किमतीला. दोष असेल तर तोही. चार्ल्सच्या चिठ्ठीवर मी ठळक लिहिलं आहे, 'कडी काढलेली, घड्याळाच्या एकावर झाळ.' माझ्यानंतर ते ज्याच्या हाती जाईल त्याला तिरपं ऊन पडायची वाट पाहावी लागू नये.

दोन वर्षांपूर्वी आजीची माळ वाटली गेली. पातळ पुतळ्या आत्याच्या मुलींना आणि बहिणीला गेल्या. मधली जाड पुतळी आईने मला दिली, सांगलीला, देवघरासमोर बसून, कापसात गुंडाळून. ती आईच्याच कपाटात आहे, इकडे आणलेली नाही. पण काटा मी नेला होता. चिठ्ठी तिथेच लिहिली. 'व्हेनिसचा डुकॅट. दोजे आणि संत मार्क. वजन कडीसकट ३.७१ ग्रॅम. कडी सोनाराने तीनदा झाळलेली, दोनदा माझ्यासमोर. काढू नये.'